पाटी दुकानाला लागते

सेनगावच्या स्टँडसमोर, फरसाणाच्या दुकानापुढं, रस्त्याच्या कडेला एक चप्पल उलटी पडलेली आहे. उलटी चप्पल दिसली की आपल्याकडची माणसं जाता जाता पायानं ती सरळ करतात, उगी भांडण नको म्हणून. तुम्हीही कराल. करू नका. ती सिमेंटची आहे आणि अंगठ्याला फार लागतं. ती तिथं कशी आली हे पुरतं ठाऊक असूनसुद्धा माझा पाय तिच्याकडं जातो. सवय म्हणजे सवय.

ती ज्यांनी केली ते आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मी विज्ञान शिकवायचो, अजून शिकवतो. गावात त्यांना नुसतं 'सर' म्हणत. शाळेत बाकीचेही सर होते, पण 'सर कुठं हायेत' असं कुणी विचारलं की ते त्यांच्याबद्दलच असायचं. आम्हाला विषय लावून ओळखायचे. मी 'विज्ञानवाले'. वर्गात घसा मी कोरडा करायचो, आणि गाव ओळखायचं कुणाला, तर आठवड्यातून एकदा पेरू काढायला लावणाऱ्याला. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

सर उंच, वाळलेले, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सळया बांधायच्या तारेचं वेटोळं. बोलता बोलता ती तार त्यांच्या बोटांत वळायला लागायची. समोरच्याचं बोलणं लांबलं की तिचा बैल व्हायचा. शिक्षकांची सभा लांबली की बैलजोडी. मुख्याध्यापकांना हे कळून चुकलं होतं. दुसऱ्या बैलाला शिंगं फुटली की ते आपोआप आभारप्रदर्शनावर यायचे.

दुसरी खोड याहून वाईट. माणूस भेटला की सर एक डोळा मिटायचे, हात लांब करून अंगठा त्याच्या तोंडासमोर धरायचे आणि डोकं मोजायचे. गावाला सवय झाली होती, परक्याला कुठून असणार? एकदा तपासणीला जिल्ह्याहून साहेब आले. वर्गात शिरतात तोच समोर सर, डोळा मिटलेला, अंगठा वर. साहेबांनी जरा करड्या आवाजात हे काय चाललंय म्हणून विचारलं. सरांनी अंगठा खाली न घेता सांगितलं, साहेब, तुमचा डावा कान खाली आहे, आमच्याकडं बहुतेकांचा उजवा असतो. त्या दिवशीची तपासणी साहेबांनी एका हातानं कान चाचपतच केली. आमच्या प्रयोगशाळेत काहीच नव्हतं, पण ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्याबद्दल मी सरांचा आभारी आहे.

पुतळ्यांचं त्यांना वेड होतं. आता आपल्या भागात पुतळ्यांना काही तोटा नाही. औंढ्याकडं निघा, हिंगोलीकडं निघा, फाट्याफाट्यावर कुणी ना कुणी हात वर करून उभं आहे. एसटीत सर कायम खिडकीशी बसायचे आणि नवीन पुतळा दिसला की मधेच उतरायचे. ड्रायव्हर-कंडक्टर ओळखीचे, ते थांबायचे. सोबत मी असलो तर मलाही उतरावं लागायचं, आणि पुढची गाडी येईस्तोवर उन्हात उभं राहून गुडघ्यांवर व्याख्यान ऐकावं लागायचं. सरांचं म्हणणं, आपल्याकडं पुतळ्याला पाय देतात, गुडघे देत नाहीत. त्यांनी हे दाखवल्यापासून मलाही सगळीकडं तेच दिसतं. एक चांगलं सुख गेलं.

जिल्ह्यातला त्यांचा सगळ्यात आवडता पुतळा एका आडगावात होता. उभा करून वर्षं लोटली होती, पण अनावरणाला पाहुणा मिळेना, म्हणून तो ताडपत्रीत गुंडाळलेलाच होता. दोरी सुटायची, गावकरी पुन्हा बांधायचे. सर त्याच्याभोवती फिरून यायचे आणि खुश व्हायचे. म्हणायचे, "बघा, कुणाचा बी असू शकतो. गावात एक भांडण न्हाई."

सर स्वतः सिमेंटमध्ये काम करायचे. सळयांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर सिमेंट. सुट्ट्यांमध्ये गावोगावच्या पंचायती त्यांना बोलवायच्या. त्यांच्या अटी दोन. पहिली, माणसाचं तोंड करणार नाही. तोंड केलं की नातेवाईक येतात. दुसरी, खाली पाटी लावणार नाही. आणि या दुसऱ्या अटीवर ते हटून बसायचे. "पाटी दुकानाला लागते," म्हणायचे. "लेकराला आई दाखवून सांगावं लागतं का, ही आई म्हणून? बघितलं की कळलं पाहिजे. न्हाई कळलं तर करणाऱ्याची चूक."

तर एकंदरीत चूक करणाऱ्याची होती असंच म्हणावं लागेल. कारण सरांची एकही वस्तू कुणी धड ओळखली नाही.

हळदीचं घ्या. आपला भाग हळदीचा, म्हणून कनेरगावच्या रस्त्यावर एका फाट्यावर हळकुंड करायचं ठरलं. सरांनी दोन माणसं उंचीचं हळकुंड उभं केलं, मस्त बोटं फुटलेलं, पिवळंजर्द. पहिल्याच आठवड्यात जीपमधली माणसं म्हणायला लागली, अद्रकापाशी उतरव. काहींना तो बसलेला उंट वाटला. जीपवाला आमचा दोस्त थावरू, तांड्यावरचा, सेनगाव ते कनेरगाव त्याच्या फेऱ्या. तो सरांना मुद्दाम विचारायचा, कुठं उतरणार, अद्रकावर का उंटावर? सर तोंड न हलवता म्हणायचे, अद्रकावर.

पुढं त्याच्या एका बोटाला कुणीतरी शेंदूर लावला. मग नारळ फुटला, मग लिंबू-मिरची आली, मग मंगळवार लागला. सर एकदा मुद्दाम बघायला गेले, मीही होतो. एक आजी वाकून पाया पडत होत्या. सरांनी अदबीनं विचारलं, की आजी, हा कोणता देव. आजींनी त्यांच्याकडं असं बघितलं की मलाच लाज वाटली. म्हणाल्या, देव हाय की, देवाला नाव काहून इचारता? परत येताना सर म्हणाले, "निदान पाटी तरी मागितली न्हाई."

एका गावच्या कमानीवर दोन सिंह केले. सिंह कुठून बघणार? म्हणून पाटलाचं कुत्रं समोर बसवलं आणि त्याला आयाळ घातली. गावानं बघितलं आणि एका आवाजात म्हणालं, हा तर पाटलाचा मोत्या. पाटील चिडले, गावाची अब्रू गेली म्हणून. सर मात्र आतून फुललेले. मला हळूच म्हणाले, कुत्रं तर बराबर ओळखलं ना?

आमचा कट्टा म्हणजे चहाच्या हॉटेलापुढचा लोखंडी बाक. तो जोडला होता रहीमभाईंनी. त्यांचं वेल्डिंगचं दुकान हॉटेलाला लागूनच. सरांच्या प्रत्येक कामाच्या पोटातला सांगाडा रहीमभाईंच्या हातचा. ते म्हणायचे, आतलं मला बराबर ओळखू येतं, सरांनी वरून सिमेंट लावलं की कळायचं बंद होतं. शाळा सुटल्यावर आम्ही चौघं तिथं बसायचो, सर, रहीमभाई, थावरू आणि मी. रहीमभाईंची जागा डावीकडच्या टोकाची. एक पाय बाकावर, एक खाली, आणि तोंड अखंड चालू. वेल्डिंग करतानाही बोलायचे. ठिणग्यांच्या आवाजात आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना मान्य नव्हतं.

त्यांची एक पद्धत होती. कट्ट्यावर कुणी फालतू विनोद केला की ते पायातली डावी चप्पल काढून भिरकवायचे. टायरच्या तळव्याची जाड चप्पल, पट्टा निघू नये म्हणून तळाला मोठा वायसर ठोकलेला. ती माणसाला कधी लागली नाही. डोक्यावरून जायची, रस्ता ओलांडायची आणि फरसाणाच्या दुकानासमोर पडायची, नेहमी उलटी. फरसाणवाल्याचा जीव खालीवर व्हायचा, दारात उलटी चप्पल म्हणजे दिवसभर कटकट. पण रहीमभाईंना उठावं लागत नसे. रस्त्यानं जाणारं कुणीही ती उचलायचं आणि आणून त्यांच्या पायापाशी ठेवायचं. भाई, घ्या चप्पल. रहीमभाई म्हणायचे, मेहेरबानी, आणि त्याला घरचं सगळं विचारून घ्यायचे. लेकरू कितवीत, म्हातारीचा गुडघा कसा, विहिरीला पाणी लागलं का. त्या चपलेवर त्यांच्या अर्ध्या तालुक्याशी ओळखी झालेल्या. हवालदारानं आणून दिलेली आहे, तहसीलच्या शिपायानं आणून दिलेली आहे, एकदा वरातीतल्या नवरदेवाच्या मामानं वरात थांबवून आणून दिली. सगळ्यात जास्त वेळा ती माझ्या विनोदांवर गेली. माझे विनोद तितके वाईट नव्हते, पण आता ते कुणाला सांगू?

शर्त लागली ती नळावरून. एका गावात पाणी सोडणारा माणूस वारला होता. भल्या पहाटे उठून साऱ्या गल्ल्यांना पाणी द्यायचा, म्हणून गावाला त्याची आठवण करायची होती. सरांनी चौकात सिमेंटचा नळ केला, कंबरेएवढा, खाली उतरता, अगदी चोख. बायकांनी खाली घागरी लावल्या. नळाला पाणी येत नाही म्हणून पंचायतीत तक्रार गेली. कट्ट्यावर सर म्हणाले, चला, एक तरी वस्तू लोकांनी न सांगता ओळखली. रहीमभाईंनी ते मानलं नाही. म्हणाले, "नळ वळखला, कबूल. पन कुनाचा नळ, ते कुनी वळखलं? त्या बिचाऱ्याचं नाव घेतलं का एकानं तरी?"

सरांनी बराच वेळ तार वळवली आणि म्हणाले, बराबर आहे.

मग रहीमभाईंनी शर्त मांडली. सर रिटायर व्हायच्या आत एका तरी माणसानं, न सांगता, पाटी न वाचता, सरांची एखादी वस्तू कुणाची आहे ते बरोबर ओळखावं. कट्ट्यावरचे धरायचे नाहीत. कुणी सांगितलेलं धरायचं नाही. सर हरले तर आजवर केलेल्या प्रत्येक कामाखाली स्वतःच्या हातानं पाटी रंगवतील. आणि जिंकले तर काय, असं थावरूनं विचारलं. रहीमभाईंनी छातीवर हात ठेवला. "मी एक अख्खी संध्याकाळ या बाकावर गप बसंन. एक शबद न्हाई."

थावरू लगेच सरांकडं वळला आणि हात जोडून म्हणाला, सर, काय बी करा पन जिंका.

दुसऱ्या दिवशी रहीमभाईंनी लोखंडी पत्र्याची पाटी कापली, दोन पाय जोडले, काळा रंग मारला आणि कट्ट्याच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवली. सर आले की रोज म्हणायचे, पाटी तयार हाय सर, मजकूर तेवढा सांगा. सर म्हणायचे, राहू द्या, तुमच्या दुकानाला होईल.

हे हसण्यावारी चाललं होतं असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. एकदा औंढ्याहून येताना सर मला म्हणाले, की माझ्यामागं एवढं सिमेंट उभं राहणार आहे, आणि त्यातलं एकही जर कुणाला काही सांगत नसेल, तर मी नुसते रस्ते अडवले. मी काहीतरी धीराचं बोललो. त्यांनी ऐकलं नाही. बैल वळवून खिडकीत ठेवला आणि उतरताना तिथंच विसरले.

दिवाळी झाली आणि रहीमभाई गेले. दुपारी जेवून दुकानात जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्रास नाही, दवाखाना नाही. लोक म्हणाले, चांगलं मरण आलं. असेल. मला त्यात चांगलं काही दिसलं नाही. बाकाचं डावं टोक मोकळं राहिलं, तिथं आम्ही कुणी बसायचो नाही आणि दुसऱ्या कुणाला बसू द्यायचो नाही. कट्ट्यावर मी एक-दोन विनोद करून बघितले. कुणी काही फेकलं नाही, तेव्हा मीच थांबलो.

स्टँडवरच्या मंडळींना वाटलं, भाईंचं काहीतरी करावं. पुतळ्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांचा मोठा मुलगा सरांकडं आला. तो आता दुकान बघतो, बापाच्या उलट, फार कमी बोलतो. म्हणाला, सर, पुतळा नको, आमच्यात चालत न्हाई, पायजे तर पाटी लावा. सर म्हणाले, तोंड मी कुणाचंच करत नाही. पाटीही करत नाही. मग विचारलं, "भाईंची डावी चप्पल हाय का घरी?"

मुलगा घरी जाऊन घेऊन आला.

पुढचं काम मी डोळ्यांनी बघितलं. सरांना चप्पल नेमकी पडायची तिथंच बसवायची होती. ती जागा कळावी म्हणून ते बाकावर बसले आणि खरी चप्पल फेकून बघितली. गटारात गेली. थावरूनं फेकली, ती त्याच्याच जीपच्या टपावर. मी फेकली ती हॉटेलात गेली आणि चहा सांडला. इतकी वर्षं बघितलं, पण ती रस्त्यापलीकडं जाणं ही एक कला होती हे त्या दिवशी कळलं. शेवटी सरांनी स्टँडवरच्या एकेकाला बोलावून विचारलं, की भाईंची चप्पल कुठं पडायची. हमालानं दाखवली, पेपरवाल्यानं दाखवली, फरसाणवाल्यानं कपाळाला आठ्या घालून दाखवली. सगळ्यांचं बोट एकाच जागेवर.

तिथं सरांनी ती बसवली. खऱ्या चपलेएवढीच, उलटी, टाच जरा झिजलेली. वायसर मात्र खरा, मुलानं दिलेला. सरांच्या हातचं सगळ्यात लहान काम. एवढ्या लहान वस्तूला कुणाची परवानगी घ्यायची हे पंचायतीलाही ठरवता आलं नाही, म्हणून घेतली नाही.

पहिल्या दिवसापासून लोक ठेचकाळायला लागले. दिसली उलटी की लावला पाय. अंगठे फुटले, शिव्या निघाल्या. प्रत्येक जण फरसाणवाल्याला विचारायचा, हे काय हाय म्हणून. तो सांगायचा, की भाईंची आठवण हाय. मग लोक म्हणायचे, अरे व्हय की. पण ते सांगितल्यावरचं ओळखणं. शर्तीत बसत नव्हतं, आणि शर्त लावणारा नसला म्हणून सर नियम ढिला करणाऱ्यातले नव्हते.

फरसाणवाल्याची तक्रार वेगळीच होती. म्हणे, रोजची चप्पल तरी कुणी उचलून न्यायचं, ही कायमची उलटी. त्याचं भावाशी वाजलं होतं, बायको माहेरी जाऊन बसली होती, आणि हे सगळं चपलेमुळं असं त्याचं पक्कं मत. तो कट्ट्यावर येऊन सरांना म्हणाला, एक तर सरळ करा, न्हाईतर पाटी लावा, म्हणजे लोकाला कळंल की हे भांडणाचं न्हाई, आठवणीचं हाय. दोन्ही जमत नसेल तर मी फोडून टाकतो. सरांनी त्याला शांतपणे विचारलं, "ती कधी सरळ पडली होती का? आठवून सांगा." फरसाणवाल्यानं आठवून बघितलं. न्हाई, म्हणाला, पण मार्चअखेरपर्यंत काहीतरी करा.

मार्चअखेर सर रिटायर होणार होते. त्यानंतर नांदेडला लेकीकडं कायमचे. सामान बांधून झालं होतं. म्हणजे ते गेले की चप्पल फुटणार, आणि राहायची असेल तर पाटीसकट राहणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सर रोज येऊन बाकावर बसायचे आणि रस्त्यापलीकडं बघायचे. कुणी चपलेजवळ थांबलं की ताठ व्हायचे. त्या माणसानं पाय लावला, 'अगं आई' केलं, की पुन्हा सैल.

मार्चच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला. भाषणं झाली. माझंही झालं, आणि बरं झालं असं लोक म्हणाले. सरांच्या हातात त्या वेळी बैल नव्हता हे मी बघून ठेवलं. संध्याकाळी ते हार गळ्यात आणि शाल-नारळ काखेत घेऊन सरळ कट्ट्यावर आले. भिंतीची पाटी उचलली, धूळ पुसली, मांडीवर घेतली. पिशवीतून पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश काढला.

थावरू म्हणाला, सर, राहू द्या की, कोन बघाया बसलंय. सर म्हणाले, शब्द दिला आहे. हरलो तर हरलो.

त्यांनी ब्रश बुडवला आणि तसाच धरून बसले. रंगाचा एक थेंब पाटीवर पडला. आमच्या शाळेच्या सगळ्या भिंतींवरची सगळी सुवचनं ज्या माणसानं न अडखळता लिहिली, त्याला पहिलं अक्षर सुचेना. माझ्याकडं बघून म्हणाले, "काय लिहू हो? चप्पल लिहू का रहीमभाई लिहू?"

 

त्या आठवड्यात ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या गावांकडं परतत होत्या. रोज स्टँडसमोर एखादा ट्रक थांबायचा, माणसं, भांडी, कोंबड्या, शेळ्या उतरायच्या, पाणी पिऊन पुढं जायच्या. तसाच एक ट्रक तेव्हा येऊन थांबला. एक म्हातारी उतरली, तांड्यावरची, हातात बांगड्यांची चळत, डोक्यावर पत्र्याची पेटी. दिवाळीआधी गेलेली, थेट आत्ता परतणारी. ती फरसाणाच्या दुकानापुढून चालली आणि थांबली.

तिनं पाय लावला नाही. पेटी खाली ठेवली, वाकली, आणि चप्पल उचलायला हात घातला.

ती निघेना. तिनं दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मग वायसरवरून बोट फिरवलं, कंबर सरळ केली, डोळ्यांवर ऊन आलं म्हणून हात आडवा धरला आणि रस्त्यापलीकडून आमच्या बाकाकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "रहीमभाई, काहून वो, खिळे ठोकून ठेवली का चप्पल? निघून न्हाई राहिली."

सर उठले तेव्हा मांडीवरची पाटी खाली पडली, तिकडं त्यांनी बघितलं नाही. गळ्यात हार तसाच, हातात रंगाचा ब्रश तसाच, असे ते रस्ता ओलांडून गेले. म्हातारीला म्हणाले, "राहू द्या, माय. ती आता तिथंच राहते."

म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं, मग बाकाच्या डाव्या टोकाकडं. तिला समजलं. ती तिथंच रस्त्याच्या कडेला चपलेशेजारी बसली. कधी, म्हणून तिनं विचारलं. सरांनी सांगितलं. जाताना पेटीची तुटलेली कडी भाईंनी लावून दिली होती, असं ती म्हणाली, आणि ती कडी उघडून, लावून दाखवली. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, त्याला तिनं वाजवू दिला. उठताना तिनं त्या चपलेवरून एकदा हात फिरवला. फरसाणवाला दारात उभा राहून हे सगळं बघत होता. त्यानं काऊंटरवरचा गडवा उचलून तिला पाणी दिलं. त्यानंतर त्यानं पाटीचं नाव काढलं नाही. त्याची बायकोही पुढं परत आली, पण त्याचा आणि याचा संबंध जोडू नये असं माझं विज्ञानवाल्याचं मत आहे.

सर परत आले, ब्रश रॉकेलमध्ये धुतला, डब्याचं झाकण लावलं. पाटी उचलून होती तशी भिंतीला टेकवून ठेवली. अजून ती तिथंच आहे, कोरी, एका थेंबापुरती. मग ते आपल्या जागेवर बसले. त्यांच्या डाव्या हाताला रहीमभाईंची जागा.

हॉटेलवाल्यानं न सांगता चहा पाठवला. थावरू म्हणाला, "सर, शर्त जिंकले तुमी."

सरांनी त्या मोकळ्या जागेकडं बघितलं.

"मंग आता बसू द्या त्यांना गप," ते म्हणाले.

आम्ही चहा घेतला, आणि दिवे लागेपर्यंत कुणी काही बोललं नाही.